काळ्यातलं काळं

एक काळा चौकोन. त्याच्या आत आणखी एक छोटा चौकोन, तोही काळाच, पण किंचित कमी काळा. बाहेरच्याची पातळी शून्य, आतल्याची ५ टक्के. शेजारी अशीच पांढरी जोडी: बाहेरचा पूर्ण पांढरा, आतला ९५ टक्के. एक्स-रे, सीटी, एमआरआय ज्या पडद्यावर वाचले जातात त्या पडद्याची सगळी पत या दोन जोड्यांवर ठरते, असं मला ठामपणे वाटतं. आतला काळा चौकोन दिसला, तर पडद्याला अंधारातले फरकही दाखवता येतात. नाही दिसला, तर शून्य ते पाच टक्क्यांच्या पट्ट्यातलं जे काही त्या फोटोत आहे ते एकाच काळ्या डोहात बुडालेलं आहे. आणि डोहात काय बुडालंय ते काठावर उभं राहून कळत नाही.

पडद्याचा बिघाड इतर यंत्रांच्या बिघाडासारखा नसतो. एक्स-रेची ट्यूब गेली तर फोटो निघत नाही, सगळ्यांची धावपळ होते, इंजिनिअरला फोन जातो. पडदा उतरत गेला तर फोटो दिसतच राहतो. छान दिसतो. फासळ्या दिसतात, हृदयाची सावली दिसते, मणके दिसतात. दिसत नाही ती फक्त फुफ्फुसाच्या कडेची केसासारखी बारीक रेघ, जिच्यावरून छातीत हवा साठल्याचं कळतं. किंवा गळ्याच्या हाडामागे दडलेला क्षयाचा पहिला पुसट डाग. क्षय फुफ्फुसभर पसरतो तेव्हा दिसणाऱ्या १ ते ३ मिलिमीटरच्या ठिपक्यांना डॉक्टर ‘मिलिअरी’ म्हणतात. त्या शब्दाचं मूळ राळ्यासारख्या बारीक धान्याच्या लॅटिन नावात आहे. मुठीतून सांडलेल्या राळ्यासारखे ते ठिपके उतरलेल्या पडद्यावर फुफ्फुसाच्या करड्या रंगात विरघळून जातात. डॉक्टरची नजर तयार असते, अनुभव असतो, तरी समोर न आलेली गोष्ट त्याला दिसणार कुठून? मग रिपोर्टवर ‘नॉर्मल’ असं लिहिलं जातं, आणि ते लिहिताना कुणीही हलगर्जी केलेली नसते.

भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. ठरावीक मुदतीने तो काटा पुन्हा तपासला जातो, कारण पावशेर मेथीत फरक पडला तर गिऱ्हाइकाचं नुकसान होतं. एक्स-रे यंत्राचीही गुणवत्ता चाचणी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाने दर दोन वर्षांनी करावी लागते. हे सगळं योग्यच आहे. पण त्या यंत्रातून निघालेली प्रतिमा शेवटी ज्या काचेतून माणसाच्या डोळ्यात शिरते, तिच्याकडे लक्ष जाईपर्यंत बहुतेकांची शक्ती आणि पैसा संपलेला असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काळा आधी का मरतो, हे समजून घेतलं की अर्धी तपासणी समजली. पडद्याच्या उजळपणाचं माप कँडेला प्रति चौरस मीटर. बोलताना त्याला ‘निट’ म्हणतात. समजा एका पडद्याचा सगळ्यात गडद काळा अर्धा निट आहे आणि त्याच्या शेजारची छटा ०.६ निट. फरक ०.१ चा, म्हणजे मूळच्या २० टक्के. अंधाऱ्या खोलीत तो डोळ्याला सहज कळतो. आता खोलीत ट्यूबलाइट लावा, टेबलावर ४०० लक्स (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडू द्या. पडद्याची काच कितीही मॅट असली तरी थोडा उजेड परत फेकतेच. एका लक्समागे ०.००५ निट धरला तरी ४०० लक्सला २ निट होतात. हे २ निट सगळ्या छटांमध्ये सारखेच मिसळतात. अर्ध्याचे झाले २.५, आणि ०.६ चे झाले २.६. फरक तोच, ०.१. पण आता तो मूळच्या फक्त ४ टक्के आहे. पांढऱ्याचं काय झालं? ३५० चे ३५२ झाले, कुणाच्या लक्षातही येणार नाही. खोलीतला दिवा पांढऱ्याला हात लावत नाही, काळ्याला मात्र पुसून टाकतो. म्हणून पडदा तपासायचा तर सुरुवात खोलीपासून करावी लागते.

डोळा आणि अंधार यांचं हे भांडण रेडिओलॉजीइतकंच जुनं आहे. १८९५ च्या नोव्हेंबरात रोंटगेनला एक्स-किरणांचा पत्ता लागला तोच मुळी अंधाऱ्या खोलीत लुकलुकणाऱ्या एका पडद्यामुळे. बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पुठ्ठा होता तो. पुढे कित्येक दशकं फ्लुओरोस्कोपीचे, म्हणजे एक्स-रेची हलती प्रतिमा थेट पाहायचे, पडदे इतके मंद असायचे की काम सुरू करण्याआधी डॉक्टरला अंधारात बसून डोळे तयार करावे लागत. १९१६ मध्ये विल्हेल्म ट्रेंडेलेनबर्ग यांनी लाल काचांचा चष्मा सुचवला. तो घालून उजेडात वावरलं तरी मंद प्रकाशात पाहणाऱ्या डोळ्यातल्या पेशी दमत नसत, आणि पडद्यासमोर गेल्यावर लगेच काम करता येई. १९४२ मध्ये अमेरिकेत डब्ल्यू. एडवर्ड चेंबरलेन यांनी ठणकावून सांगितलं की इतक्या कमी उजेडात माणसाचा डोळा बारीक तपशील पाहूच शकत नाही. दोष डॉक्टरच्या कौशल्याचा नाही, पडद्याच्या उजळपणाचा आहे. त्या दशकाच्या अखेरीला प्रतिमा उजळ करणाऱ्या नळ्या आल्या. फिल्मच्या काळात व्ह्यू बॉक्स आला, भिंतीवरचा तो पांढरा पेटारा. साध्या फिल्मसाठी त्याचा उजळपणा १५०० निटच्या आसपास आणि मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेसाठी, ३००० निट असावा असा दंडक होता. संगणकाचा पडदा आला तेव्हा हा उजळपणा एकदम कित्येक पटींनी खाली आला. त्याची भरपाई करायची तर प्रत्येक छटा काटेकोरपणे जागेवर हवी.

तो काटेकोरपणा कशाच्या आधाराने ठरवायचा? वैद्यकीय प्रतिमांच्या डायकॉम मानकाच्या चौदाव्या भागात एक वक्ररेषा दिली आहे. माणसाच्या डोळ्याला ‘हा फरक जेमतेम कळला’ असं वाटेल एवढी एक पायरी धरायची, अशा १०२३ पायऱ्या एकावर एक रचायच्या. तळाची पायरी ०.०५ निटवर, वरची जवळपास ४००० निटवर. पीटर बार्टेन यांनी मांडलेल्या दृष्टीच्या गणितावर हा जिना उभा आहे. पडदा या रेषेवर बसवला की फोटोतल्या आकड्यांचा प्रत्येक टप्पा डोळ्याला साधारण सारखाच वाटतो, मग तो अंधाऱ्या भागातला असो की उजळ. ऑफिसचा मॉनिटर गॅमा २.२ नावाच्या दुसऱ्याच रेषेवर चालतो. ती छायाचित्रांसाठी आणि सिनेमासाठी बनलेली आहे, आणि त्या कामाला उत्तम आहे. पण तोच फोटो दोन वेगळ्या रेषांवरच्या पडद्यांवर उघडला तर दोन वेगळे फोटो दिसतात. मुंबईत वाचलेला एक्स-रे नांदेडच्या डॉक्टरला तसाच दिसावा, यासाठी ही एक रेषा सगळ्यांनी पाळायची असते.

आता प्रत्यक्ष तपासणी. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे एएपीएमच्या, अठराव्या कृतिगटाने २००५ मध्ये तपासणीचे नमुने आणि पद्धत प्रसिद्ध केली. टीजी १८ या नावाने ते नमुने जगभर वापरले जातात. २०१९ मध्ये टीजी २७० या अहवालाने त्यात आजच्या एलसीडी पडद्यांना साजेसे बदल केले, पण रोजच्या कामासाठी टीजी १८-क्यूसी हा नमुना अजूनही बहुतेकांच्या हातात बसलेला आहे. मलाही तोच आवडतो, कारण एकाच चित्रात तो पडद्याची बहुतेक दुखणी दाखवतो.

पडदा सुरू करून अर्धा तास तरी जाऊ द्यावा. मागचा दिवा स्थिरावायला वेळ लागतो. वीज गेली-आली किंवा यूपीएस बदलला तर पुन्हा तितकाच थांबा. काच पुसून घ्यावी. खोलीतला उजेड नेहमी रिपोर्ट लिहिताना असतो तसाच ठेवावा. तपासणीपुरता अंधार करून काही कळत नाही, कारण रुग्णांचे फोटो त्या अंधारात वाचले जात नाहीत. मग नमुना उघडायचा, आणि इथेच पहिली चूक होते. फोटो पाहण्याचं सॉफ्टवेअर नमुन्यावरही स्वतःची विंडो आणि लेव्हल (किती छटा दाखवायच्या आणि कुठल्या मध्याभोवती) लावून टाकतं. ८ बिटचा, म्हणजे २५६ छटांचा, नमुना असेल तर विंडो २५६ आणि लेव्हल १२८, १२ बिटचा असेल तर ४०९६ आणि २०४८, असं हाताने घालावं लागतं. शिवाय नमुना पडद्यावर मावण्यासाठी लहान-मोठा केलेला नको. फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर हवा. हे दोन्ही तपासल्याशिवाय पुढचं काहीही पाहू नये, नाहीतर आपण सॉफ्टवेअर तपासतो आणि समजतो की पडदा तपासला.

मग नेहमीच्या अंतरावर बसायचं, साधारण हातभर लांब, म्हणजे ६० ते ६५ सेंटिमीटर. आधी त्या दोन जोड्या. काळ्यातला ५ टक्के दिसतोय? पांढऱ्यातला ९५ दिसतोय? छातीच्या एक्स-रेत हृदयामागचा आणि डायफ्रामखालचा (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूखालचा) भाग पांढऱ्याच्या बाजूला असतो, त्यामुळे पांढरी जोडीही तितकीच महत्त्वाची. त्यानंतर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे सोळा चौकोन पाहावेत. प्रत्येक पुढचा चौकोन आधीच्यापेक्षा उजळ दिसला पाहिजे आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यातले अगदी फिकट ठिपके ओळखू आले पाहिजेत. बाजूच्या उभ्या पट्टीत रंग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग चढत जातो. तिथे जिन्यासारखे टप्पे दिसले तर ग्राफिक्स कार्ड किंवा केबल पुरेशा छटा पाठवत नाही असं समजावं. नमुन्यात तीन ठिकाणी इंग्रजीत ‘क्वालिटी कंट्रोल’ असं लिहिलेलं असतं: काळ्यावर, करड्यावर, पांढऱ्यावर. इंग्रजीत त्या दोन शब्दांची १४ अक्षरं होतात आणि प्रत्येक पुढचं अक्षर आधीच्याहून पुसट असतं. तिन्ही ठिकाणी किती अक्षरं वाचता आली तो आकडा लिहून ठेवायचा. पडदा नवा बसवला त्या दिवशीचा आकडा जपून ठेवला असेल तर आजच्या आकड्याला अर्थ येतो. काळ्यावरची तीन अक्षरं कमी झाली आणि पांढऱ्यावरची तेवढीच राहिली, तर संशय आधी खोलीतल्या उजेडावर घ्यावा, पडद्यावर नंतर.

मध्यभागी आणि चारी कोपऱ्यांत बारीक रेघांचे ठसे असतात, पिक्सेलागणिक काळी-पांढरी. ते सगळीकडे सारखे सुटे दिसले पाहिजेत. रेघा एकमेकींत मिसळून करडा ठिगळ झाला असेल तर पडदा मूळच्या रेझोल्यूशनवर चालत नाही. ३ मेगापिक्सेलच्या २१.३ इंची पडद्याचा पिक्सेल साधारण ०.२१ मिलिमीटरचा असतो, मॅमोग्राफीच्या ५ मेगापिक्सेलच्या पडद्याचा ०.१६५ मिलिमीटरचा. विंडोजने अक्षरं मोठी दिसावीत म्हणून स्केलिंग चालू केलं की एवढ्या महागड्या पडद्याचे पिक्सेल वाया जातात.

हे सगळं दोन-तीन मिनिटांचं काम आहे, आणि ते पडद्यासमोर बसणाऱ्याने स्वतः करावं. रोज जमलं तर उत्तमच. मीटरने मोजायचं काम तंत्रज्ञाचं किंवा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचं, तीन-चार महिन्यांनी एकदा, आणि सगळ्या चाचण्या वर्षातून एकदा.

मीटर दोन प्रकारचे. एक काचेला टेकवून धरायचा. तो फक्त पडद्याचा स्वतःचा प्रकाश मोजतो. दुसरा दुर्बिणीसारखा, बसल्या जागेवरून रोखायचा. तो पडद्याचा प्रकाश आणि काचेवरून परत आलेला खोलीचा उजेड असं दोन्ही मोजतो. कुठला वापरला ते नोंदवलं नाही तर पुढच्या वेळचे आकडे जुळत नाहीत आणि विनाकारण घबराट होते. टेकवायचा मीटर असेल तर खोलीच्या उजेडाचा वाटा वेगळा काढून प्रत्येक आकड्यात मिळवावा लागतो. टीजी १८ मध्ये यासाठी १८ नमुन्यांचा संच आहे. प्रत्येकात मधोमध एक चौकोन, क्षेत्रफळाच्या १० टक्के, आणि भोवती कमाल उजळपणाच्या २० टक्क्यांची करडी पार्श्वभूमी. ही पार्श्वभूमी मुद्दाम असते. पडद्यात प्रकाश आतल्या आत पसरतो, त्यामुळे पूर्ण काळ्या भोवतालात मोजलेला आकडा खऱ्या एक्स-रेच्या भोवतालात टिकत नाही. अठरा आकडे घ्यायचे, एकापासून दुसऱ्यापर्यंतची उडी डायकॉमच्या रेषेवर किती असायला हवी होती त्याच्याशी ताडून पाहायची. रिपोर्टसाठी वापरायच्या पडद्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. वॉर्डात नुसतं पाहायच्या पडद्याला २० टक्क्यांपर्यंत सूट आहे.

उजळपणाचे आकडे असे: रिपोर्टच्या पडद्याचा पांढरा किमान ३५० निट, मॅमोग्राफीचा ४२०, इतर ठिकाणचा २५०. पांढरा आणि काळा यांचं गुणोत्तर, खोलीचा उजेड धरून, ३५० च्या आसपास. काळा शून्याच्या जितका जवळ तितकं चांगलं, असा समज पक्का रुजलेला आहे. जाहिरातीत हजारास एक, दोन हजारास एक असे आकडे झळकतात म्हणून तो आणखी घट्ट होतो. पण गुणोत्तर खूप वाढलं की सगळ्यात काळ्या छटा डोळ्याच्या आवाक्याबाहेर जातात. पांढऱ्या मणक्याकडे पाहून सरावलेला डोळा शेजारच्या गर्द काळ्यात लगेच काही पाहू शकत नाही. म्हणून काळा जरा वर, एक निटच्या जवळपास ठेवलेलाच बरा. आणि काचेवरून परत येणारा उजेड पडद्याच्या स्वतःच्या काळ्याच्या पाव भागाहून जास्त नसावा.

एका टेबलावर दोन पडदे असतील तर त्यांचे पांढरे १० टक्क्यांहून जास्त वेगळे नकोत. मागच्या वर्षीचा फोटो डाव्या पडद्यावर, आजचा उजव्यावर, आणि ‘डाग वाढलाय का’ हा प्रश्न असतो. तिथे पडदेच वेगळे असतील तर तुलना कसली करणार. एक पडदा बिघडला म्हणून फक्त तेवढाच नवा आणला जातो, तेव्हा हे हमखास घडतं. रंगही पाहावा. फिल्मचा पाया निळसर असायचा, त्या सवयीपायी निळसर पांढऱ्याचे आणि स्वच्छ पांढऱ्याचे असे दोन्ही पडदे बाजारात असतात. जोडी मिसळू नये.

सारखेपणा मोजायचा तर एकरंगी करडं चित्र लावून मध्यभाग आणि चार कोपरे मोजायचे. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांतला फरक त्या दोहोंच्या सरासरीच्या ३० टक्क्यांपर्यंत चालतो. तेच एकरंगी चित्र मेलेले आणि अडकलेले पिक्सेलही दाखवतं. मॅमोग्राफीत या एका ठिपक्याची किंमत फार मोठी. स्तनातले संशयास्पद चुन्याचे कण अर्ध्या मिलिमीटरहून लहान असू शकतात, आणि पांढरा अडकलेला पिक्सेल नेमका तसाच दिसतो. संशय आला की फोटो बोटभर सरकवावा. ठिपका फोटोबरोबर हलला तर तो रुग्णाचा, जागेवरच राहिला तर पडद्याचा. धुळीच्या कणालाही हीच कसोटी लागू पडते.

आता बिघाडांकडे येऊ, कारण पडद्याचा दिवा वयाने मंदावतो ते तर साऱ्यांना ठाऊक असतं, तरी त्याहून जास्त गोंधळ इतर गोष्टी घालतात. पडद्याचा उजळपणा पहिल्या दिवसापासून शंभर टक्क्यांवर ठेवला तर तो वर्षागणिक उतरणारच. चांगले वैद्यकीय पडदे म्हणूनच क्षमतेपेक्षा खाली लावलेले असतात; आतला सेन्सर दिवा हळूहळू वाढवत नेतो आणि ठरलेला आकडा कित्येक वर्षं टिकतो. हे झालं नैसर्गिक म्हातारपण. पण एका रात्री विंडोज अद्ययावत होतं, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलतो, आणि पडद्याला डायकॉमच्या रेषेवर आणणारी, कार्डात साठवलेली दुरुस्तीची सारणी पुसली जाते. सकाळी पडदा पहिल्यासारखाच दिसतो. फक्त तो आता डायकॉमच्या रेषेवर नसतो. सारणी पडद्याच्या आतच साठवणारे पडदे या बाबतीत सुरक्षित. कार्डावर अवलंबून असणाऱ्यांची तपासणी प्रत्येक अद्ययावतीनंतर व्हायलाच हवी.

केबलचा घोटाळा याहून फसवा. टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५ अशी जुनी पद्धत आहे. संगणकात काळा ० आणि पांढरा २५५. एचडीएमआयची केबल लावली की कधी कधी पडदा संगणकाकडून आलेलं चित्र टीव्हीच्या पद्धतीचं समजतो आणि १६ च्या खालचं सगळं काळं, २३५ च्या वरचं सगळं पांढरं करून टाकतो. सुरुवातीचे ते दोन चौकोन आठवा. काळ्यातला ५ टक्के म्हणजे १३, पांढऱ्यातला ९५ टक्के म्हणजे २४२. दोन्ही बरोबर त्या कापलेल्या टोकांत आहेत, म्हणून दोन्ही एकदमच गायब होतात. दोन्ही जोड्या एकाच वेळी गेल्या तर मीटर काढण्याआधी केबल आणि ग्राफिक्सच्या सेटिंगमधली रंगाची व्याप्ती पाहावी. उलटंही होतं: संगणक १६ ते २३५ पाठवतो, पडदा ० ते २५५ समजतो. मग काळा राखेसारखा होतो, पांढरा मळतो, चौकोन दिसत राहतात आणि सगळा फोटो धुक्यात गेल्यासारखा वाटतो.

रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळट प्रकाश देणारी सोय, आसपासच्या उजेडानुसार उजळपणा बदलणारी सोय, वीज वाचवण्यासाठी चित्रागणिक कॉन्ट्रास्ट हलवणारी सोय: तिन्ही बंद असायला हव्यात. शेवटची सगळ्यात वाईट, कारण ती प्रत्येक फोटोला वेगळी वागणूक देते आणि नमुन्याच्या चित्रावर कदाचित काहीच दाखवत नाही.

पुसण्याने झालेलं नुकसान भरून येत नाही. सॅनिटायझर हाताशी असतो, तोच फडक्यावर घेऊन काच पुसली जाते, आणि काचेवरचा उजेड रोखणारा लेप हळूहळू जातो. पडदा बंद करून, मऊ मायक्रोफायबरने, आधी कोरडं आणि लागलंच तर पाण्याने जेमतेम ओलं करून पुसावं. पाणी फडक्यावर घ्यावं, काचेवर कधीही फवारू नये. ते खालच्या कडेतून आत जातं. कडेला असलेला छोटा सेन्सर, जो स्वतः बाहेर येऊन मोजमाप घेतो, त्याचीही काच पुसावी. त्यावर धूळ बसली तर तो पडदा मंद झालाय असं समजतो आणि दिवा उगाच वाढवतो. बाहेरचा मीटरही वर्षा-दीड वर्षाने तपासून घ्यावा. त्याची चूक ५ टक्क्यांच्या आत हवी.

खोलीत बसल्यावर मागे वळून पाहावं. पडद्यात कुणाचं प्रतिबिंब पडतंय? बहुतेकदा ते डॉक्टरच्या स्वतःच्या पांढऱ्या कोटाचं असतं. गडद कपडे, मागे गडद रंगाची भिंत, पडद्याच्या समोर खिडकी नको, आणि टेबलाशी २५ ते ५० लक्स एवढाच मंद उजेड. पूर्ण अंधारही नको. डोळे थकतात आणि पडद्यावरून नजर उचलली की दर वेळी जुळवून घ्यावं लागतं. लक्समीटर पडद्याच्या मध्यावर, तोंड बाहेरच्या बाजूला करून धरावा. तो स्वस्त असतो, आणि रिपोर्टच्या खोलीत तो नसणं मला पटत नाही.

रिपोर्टची खोली सोडली की चित्र बदलतं. अपघात विभागात दीडशे-तीनशे लक्स उजेड असतो, ऑपरेशन थिएटरमध्ये तीन-चारशे, आणि तिथल्या साध्या मॉनिटरवर रात्री दोन वाजता मनगटाचा एक्स-रे पाहून निर्णय होतो. तालुक्याच्या गावात तर व्ह्यू बॉक्सवरच्या फिल्मचा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर शहरातल्या डॉक्टरकडे पाठवतात. तो फोटो दाबून लहान केला जातो, कॅमेरा स्वतःच्या मर्जीने काळं उजळवतो आणि पांढरं जाळून टाकतो, आणि पलीकडचा डॉक्टर तो उन्हात उभा राहून पाहतो. अडल्या वेळी याने जीव वाचतात, हे नाकारता येत नाही. पण असा फोटो पाठवायचाच तर निदान फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती दाबली जात नाही. शक्य असेल तिथे मूळ डायकॉम फाइलच पाठवावी. पाहणाऱ्याने सावलीत जावं, उजळपणाचा आपोआप होणारा बदल आणि रात्रीचा पिवळा प्रकाश बंद करावा. आणि अशा फोटोवरून ‘काही नाही’ असं कधीच कळवू नये. ‘हे दिसतंय’ असं सांगता येतं. ‘दुसरं काही नाही’ हे सांगायला ती काच पुरी पडत नाही.

घरून रिपोर्ट लिहिणारे रेडिओलॉजिस्ट आता पुण्या-नाशकातही खूप आहेत. चांगला वैद्यकीय पडदा त्यांनी घरी नेला तरी तो डायकॉमच्या रेषेवर जुळवलेला असतो दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत. घरच्या हॉलमध्ये, शेजारी बाल्कनी, दुपारी पश्चिमेचं ऊन, आणि तिथे रेषा पुन्हा जुळवलेली नसते. पडदा हलवला की मोजणी नव्याने करायची. एवढा नियम पाळला तरी खूप होईल. दिवसाच्या कामासाठी एक आणि रात्रीसाठी एक असे दोन मोड साठवून ठेवता येतात, पण त्यातला कुठला चालू आहे ते पाहायला कुणी विसरलं तर त्यांचा उपयोग नाही. पडदाही नीट समोर हवा. स्वस्त पॅनेल बाजूने पाहिलं तर छटा बदलतात. शेजारी उभा असलेला शिकाऊ डॉक्टर जे पाहतो ते खुर्चीतल्याने पाहिलेलं नसतं.

नोंदवहीत फार लिहावं लागत नाही. तारीख, पडद्याचा क्रमांक, खोलीतले लक्स, काळा चौकोन दिसला की नाही, पांढरा दिसला की नाही, तीन ठिकाणची अक्षरं, सही. अक्षरांचे आकडे काळा, करडा, पांढरा या क्रमाने, उदाहरणार्थ १२, १३, १२. पुढच्या सोमवारी ९, १३, १२ असं आलं, तर खिडकीचा पडदा कुणी उघडलाय का ते आधी बघावं.